लाइन, मशीन आणि मधलं शून्य

१

नकाशेकाकांकडे लाइट कधी जात नसे. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. आयुष्यभर मोजणी खात्यात नकाशे काढलेल्या माणसाचं म्हणणं गल्लीत कुणी सहसा खोडत नसे, कारण खोडायला गेलं की ते कागद आणि पेन्सिल घेऊन समजावायला बसत.

बायको गेल्यापासून काका त्या बैठ्या घरात एकटे होते. दिवस आखीव. सकाळी बाजार, दुपारी जेवण, मग हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत पेपर, मग चहा. संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात उभं राहून कंपाउंडपलीकडच्या डेंटिस्टशी दोन शब्द. डेंटिस्टचं घर वर आणि दवाखाना खाली. त्याला दिवसभर लोकांची तोंडं बघून कंटाळा यायचा आणि काकांना एकही न बघून, त्यामुळे दोघांचं जमत असे.

"काल दुपारभर लाइट नव्हती हो काका," डेंटिस्ट म्हणाला. "एका बाईंची दाढ अर्धी कोरलेली, आणि मशीन बंद. त्या तोंड उघडं टाकून बसलेल्या, आणि मी त्यांना हवापाण्याचं सांगतोय."

"आमच्याकडे होती."

"अहो, एकाच खांबावरनं आलीय आपली वायर."

"खांब एक असेल. फेज वेगळी असणार."

"मी आलो होतो तुमच्याकडे. म्हटलं, चहा तरी घेऊ. दार ठोकलं, कुणी उघडलंच नाही."

"बेल वाजवायची होती."

"लाइट नसताना बेल कशी वाजणार?"

काका म्हणाले, डोळा लागला असेल. दुपारी झोपणाऱ्या माणसांविषयी त्यांचं मत फार वाईट होतं, आणि हे डेंटिस्टलाही ठाऊक होतं.

लाइट जाणं म्हणजे काय, हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. बाजारात असताना गेलेली त्यांनी पुष्कळदा पाहिली होती. दुकानदार अंधारात कुरकुरत, आणि काका मनातल्या मनात घरच्या फेजचा अभिमान बाळगत पिशवी घेऊन परत येत.

प्रश्न मुलीचा होता. ती दुसऱ्या शहरात राहायची. लहानपणापासून तिचा हुकूमच चालत आलेला, म्हणून काका तिला साहेब म्हणत. त्या आठवड्यात साहेबांचा फोन आला.

"बाबा, मी काल दुपारी किती वेळा फोन केला."

"वाजला नाही."

"तुमच्याकडे लाइट नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं."

"दात काढणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?"

"हे बघा, आता दोनच गोष्टी. एकतर घराला जनरेटर बसवा, नाहीतर इकडे या. मला रोज असं धास्तावून राहायला जमणार नाही. घर बंद करायचं, आणि यायचं."

इकडे या, म्हणजे तिच्या घरातली एक खोली. तिथला पलंग काकांनी पाहिला होता. चांगला होता. पण त्या पलंगाला बायकोच्या हातची एकही वस्तू टेकलेली नव्हती. या घरात तिनं लावलेल्या खिळ्यांवर अजून काकांच्याच पिशव्या होत्या.

"जनरेटर," काका म्हणाले. कधी भिजलेलाच नाही अशा माणसानं रेनकोट घ्यावा, तशातला प्रकार होता. पण घर सोडण्यापेक्षा बरा.

२

त्याच दिवसांतली चहाची गोष्ट. काकांनी चहा गाळला, कप घेऊन खुर्चीत बसले. वाफ चष्म्यावर आली, म्हणून चष्मा काढून पुसला, परत घातला आणि कप तोंडाला लावला.

चहा गार होता. नुसता निवलेला नव्हे. वर जाड साय धरली होती, आणि ती ओठांना चिकटली.

काकांनी कप खाली ठेवला आणि विचार केला. विचार करायची त्यांना सवय होती. चष्मा पुसायला किती वेळ लागतो? म्हातारपणी हात सावकाश चालतो हे कबूल, पण सायीला धरायला काही एक काळ लागतोच, आणि सायीला म्हातारपण नसतं. तेव्हा मन भरकटलं असणार. एकटा माणूस बसल्या बसल्या कुठेही जाऊन येतो.

मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ते विजेवर चालणारं, बायकोनं हौसेनं आणलेलं. नेहमीप्रमाणे मागे पडलं होतं. काका ते दर दोन-चार दिवसांनी पुढे करत आणि घड्याळजीला शिव्या देत. फ्रिजमध्ये बर्फाच्या साच्यातला बर्फ एकच सपाट लादी झाला होता, वितळून पुन्हा गोठल्यासारखा. फ्रिजवाल्यालाही काका शिव्या देत. या घरात त्यांना शिव्या द्यायला माणसांची कमतरता नव्हती, फक्त त्यातलं कुणी समोर नसे.

चहा त्यांनी ओतून टाकला. दुसरा केला आणि स्वयंपाकघरात उभ्यानंच, चटके सोसत प्यायले.

३

जनरेटरवाला दुपारी आला. गुबगुबीत, हसतमुख, खिशाला तीन पेनं. बूट दाराशी काढून आत आला, आणि खुर्च्या मोजल्यासारखी नजर फिरवत म्हणाला, "एकटेच असता का, काका?"

"तुमच्या मशीनला माणसं लागतात का?"

"नाही, लोड काढायला विचारलं. काय काय चालवायचं? एसी?"

"नाही."

"गीझर?"

"सकाळी. सकाळी लाइट जात नाही."

"दुपारी जाते?"

"दुपारीही जात नाही."

जनरेटरवाला हसला. गिऱ्हाईक विनोदी असलं तर मशीन लवकर विकलं जातं असा त्याचा अनुभव असावा. "मग तुम्हाला दोरीचंच पुरे," तो म्हणाला. "पेट्रोलवरचं, छोटं. लाइट गेली की मागे जायचं, दोरी ओढायची, मशीन सुरू. दोन दिवे, पंखा, फ्रिज आरामात. दुसरं म्हणजे डिझेलचं, पत्र्याच्या पेटीतलं. ते कायमचं बसवायचं. लाइट गेली की आपोआप सुरू, आली की आपोआप बंद. पण ते एकट्या माणसाला कशाला? तोफेनं डास मारायचा प्रकार."

काकांनाही ते पटलं. दोरी ओढणं हा एक उद्योग होईल, असंही वाटून गेलं.

"कुठल्या खोलीला कुठली वायर गेलीय ते बघून घेतो," जनरेटरवाला म्हणाला. त्यानं स्टूल ओढलं आणि पॅसेजमधल्या बोर्डापाशी चढला. पिशवी खाली उघडी, पकड, टेस्टर, चिकटपट्टीचं रीळ फरशीवर. काका खुर्चीत बसून बघत होते. उन्हाचा चौकोन समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या पोटावर पडला होता.

"मेन पाडतो हं काका. एकच मिनिट."

"पाडा की," काका म्हणाले. "म्हणजे आमच्या घरातली लाइट जाताना मलाही एकदा..."

४

"...बघायला मिळेल," काकांनी वाक्य पुरं केलं.

उन्हाचा चौकोन फरशीवर होता, पार दाराजवळ.

स्टूल आडवं पडलं होतं. फरशीवरची हत्यारं गेली होती, आणि पिशवी जनरेटरवाल्याच्या खांद्याला होती. तो बोर्डापाशी चवड्यांवर उभा होता. एक हात मेन स्विचवर, दुसरा हात डोळ्यांवर गच्च दाबलेला. घरात त्यानं बूट घातले होते.

"अहो," काका म्हणाले, "बूट."

त्यानं डोळ्यांवरचा हात हळूहळू काढला. काकांकडे पाहिलं. मग भिंतीला पाठ लावून तो दाराकडे सरकू लागला.

"तुम्ही... बरे आहात ना, काका?"

"मला काय धाड भरलीय? तुम्हाला काय झालं? शॉक बसला का?"

"तसंच समजा."

तो उंबऱ्याबाहेर पोचला तेव्हा कुठे त्याच्या आवाजात जरा दम आला. काका दाराशी गेले, तसा तो आणखी दोन पायऱ्या उतरला.

"मी हाका मारल्या तुम्हाला," तो म्हणाला. "सगळं घर शोधलं. न्हाणीघरसुद्धा. मग शेजारच्या दवाखान्यात जाऊन आलो, तिथे गर्दी होती, कुणी ऐकेना. असंच घर उघडं टाकून कसं जायचं? म्हणून मेन तरी लावून जाऊ म्हटलं."

"मी खुर्चीतच होतो."

"खुर्ची होती," जनरेटरवाला म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "वेताची आहे ना तुमची? पाठीला, बरोब्बर मधे, एक वेत तुटलाय. त्याचं टोक बाहेर आलंय."

"मग?"

"ते दिसत होतं, काका."

गल्लीतून कुणीतरी सायकलवरून गेलं.

"दोरीचं घेऊ नका," जनरेटरवाला शेवटी म्हणाला. "आपोआपचंच घ्या. आणि त्यालासुद्धा सुरू व्हायला काही सेकंद लागतात, तेवढा गॅप पडतो. मधे यूपीएस टाकून घ्या. बॅटरी असते, थोडा वेळ ओढते. गॅप पडू देऊ नका."

एवढं बोलून तो गेला. धंद्याच्या दृष्टीनं त्याची ही सर्वांत यशस्वी भेट असावी. पण जाताना तो धावल्यासारखा चालत होता.

काका आत आले आणि खुर्चीसमोर उभे राहिले. तुटलेल्या वेताचं टोक बाहेर आलेलं होतं. शर्टाला नेहमी टोचायचं.

५

नकाशा काढणाऱ्या माणसाला एक शिस्त असते. जिथं मोजलेलं नाही तिथं रेघ ओढायची नाही, कागद कोरा सोडायचा. काकांनी कोऱ्या जागा आठवायचा प्रयत्न केला आणि एकही आठवली नाही. कोऱ्या जागेचा हाच त्रास आहे, तिच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटून बसतात.

या घरात लाइट गेलेली त्यांना आठवत होती, पण ती बायको असतानाची. ती मेणबत्ती शोधायची, सापडत नसे, मग दोघं अंधारात बसून वस्तू ठेवण्याच्या एकमेकांच्या सवयींवर बोलत. ती गेल्यानंतरची एकही नाही. समोर बघणारं कुणी असलं तर लाइट गेल्यावरही माणूस राहत असेल का? जनरेटरवाला होता, पण तो बोर्डाकडे बघत होता. काकांनी हा तर्क दोन-तीनदा तपासला. त्यात चूक सापडली नाही, आणि पुरावाही सापडला नाही. आपलं आपण मेन पाडून बघणं शक्य होतं. पण पाडल्यावर वर कोण करणार?

ते डेंटिस्टकडे गेले. "परत लाइट गेली की माझ्याकडे येऊन बसाल का?"

"तुमच्याकडे तर जात नाही ना?"

"समजा गेली."

"येईन की. पण तुम्ही दार उघडायला हवं."

ते परत आले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण घरात शिरताना आधी दिव्याचं बटण दाबून बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

मुलीला फोन केला. "साहेब, मोठं मशीन घेतोय. आपोआपचं. आणि बॅटरी."

"कशाला हो एवढं? दोरीचं चालेल म्हणाला होतात."

"दोरी ओढणार कोण?"

"तुम्ही."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, हात दुखतात का? मग सरळ इकडे या ना."

हे खरं तर सोपं होतं. घराबाहेर काही होत नव्हतं. बाजारात त्यांनी अंधार पाहिला होता, स्वतःच्या डोळ्यांनी. तिच्या घरी गेलं की मिटलं. पण मग हे घर बंद होणार, सगळे खिळे मोकळे होणार. आणि त्यांना असंही वाटलं, हळूच, कुणाला सांगता न येण्यासारखं, की त्या कोऱ्या जागांमध्ये आपण असू तर कुठेतरी घरातच असू, आणि कोण जाणे, तिथं एकटे नसू.

"मशीन बसेल त्या दिवशी तू ये," ते म्हणाले. "आणि लाइट जाईल तेव्हा माझ्यासमोर बस. एवढं कर."

"बघत बसू तुमच्याकडे?"

"हो."

"काय लहान मुलासारखं," साहेब म्हणाल्या, पण येते म्हणाल्या.

६

मशीन मागच्या अंगणात, विहिरीशेजारी बसलं, कपाटाएवढं. बसवायला दुसरीच माणसं आली. पहिल्यानं निरोप पाठवला होता की त्याला बरं नाही. मागच्या व्हरांड्याच्या भिंतीवर एक करडी पेटी लावली, तिला हातभर दांडा. "दांडा वर केला की लाइन," त्यांनी मुलीला समजावलं. "खाली केला की मशीन. एरवी ते आपलं आपण बदलतं. हाताला काम पडलंच तर हे. आणि मधे शून्य. मधे ठेवला की घर दोन्हीकडून तुटतं. मशीन फार तापलं तर थोडी विश्रांती द्या त्याला."

बॅटरीचा डबा हॉलमध्ये, काकांच्या खुर्चीशेजारी ठेवला. काकांनीच तसं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी वीज कंपनीनं दुरुस्तीसाठी सगळ्या भागाची लाइट बंद ठेवली. मुलगी समोर वेताच्या मोड्यावर बसली होती, शेंगा सोलत. डबा एकदा टुणकन वाजला. मग मागून मशीनची घरघर सुरू झाली, खिडकीच्या काचा थरथरल्या.

"गेली," मुलगी म्हणाली.

काकांनी स्वतःचे हात पाहिले. पंखा पाहिला. उन्हाचा चौकोन जिथल्या तिथे होता. ते उठून खिडकीपाशी गेले. समोरच्या दुकानात अंधार होता, दुकानदार बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा होता.

"गेली," काका म्हणाले. "खरंच गेलीय की गं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते गल्लीच्या संकटात सामील झाले होते. त्यांनी दुकानदाराला हात केला. दुकानदारानंही केला. मुलीला हसू आलं. तिनं वडिलांना असं खुलताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि लाइट गेल्यामुळे खुलणारा माणूस तर मुळीच नाही.

बराच वेळ दोघं बोलत बसली. आईविषयी बोलली. मेणबत्तीचं काकांनी सांगितलं. आयुष्यात पुढे कितीतरी दुपारी अशा बसता येतील असं काकांना वाटायला लागलं, आणि त्याच सुमारास मुलीनं कान चोळले.

"काय आवाज आहे हो. डोकं उठलं माझं. आणि डिझेलचा वास. जरा विश्रांती देते त्याला, पाच मिनिटं."

"नको."

"अहो, तेच म्हणाले होते, तापलं की..."

"साहेब, बस तू. समोर बस."

"दिवसाउजेडी कसली भीती वाटते तुम्हाला?" ती हसत हसत उठली. जाता जाता तिनं त्यांचा खांदा थोपटला. "आलेच."

७

घरघर थांबली. काचा स्थिर झाल्या. डबा वाजू लागला.

टुण. मग बराच वेळ काही नाही. टुण.

काकांनी हिशेब केला. बॅटरी थोडा वेळ ओढते. ती पाच मिनिटांत येईल. येईलच. व्हरांड्यातून तिचा आवाज आला, मग डेंटिस्टचा. "कधी आलात? काकांना जरा सांभाळा हं, हल्ली काहीतरीच विचारतात." ती हसली. तो दाढेची गोष्ट सांगू लागला, त्या बाईंची.

टुण. टुण.

काका उठले. बाहेर पडायचं, एवढंच. पुढचं दार लांब, मागचं जवळ. भिंतीला हात लावत ते पॅसेजमध्ये आले. आवाज आता घाईनं येत होता. व्हरांड्याचं दार उघडं होतं, त्यातून ऊन, आणि उन्हात तिची पाठ. वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. कंपाउंडपलीकडे डेंटिस्टचं डोकं. भिंतीवर करडी पेटी, आणि तिचा दांडा, ना वर ना खाली.

उंबरा दोन पावलांवर होता. मागे डब्याचा आवाज जुळून एकच लांब सूर झाला. काकांनी तोंड उघडलं.

८

"साहेब," काका म्हणाले.

ती वळली.

केस पांढरे, आखूड कापलेले. ती दांड्याला धरून उभी होती, आधारासाठी धरतात तशी. दांडा वर होता, आणि पेटीवर गंजाचे पोपडे. कंपाउंड नव्हतं, डेंटिस्ट नव्हता. तिच्यामागे एक उंच इमारत होती आणि तिची सावली सगळ्या अंगणावर पडली होती. काकांच्या पायाखाली धुळीचा जाड थर होता, त्यावर फक्त तिच्याच चपलांचे ठसे होते. डोक्यावर पॅसेजमधला दिवा लुकलुकत होता.

ती आता त्यांच्यापेक्षा मोठी दिसत होती.

"हा मधेच राहिला होता," ती म्हणाली. आवाज अजून हुकूम करणाऱ्या बाईचाच होता. "लाइन त्या रात्रीच आली, बाबा. सगळ्या गल्लीत आली. मी टॉर्च घेऊन तुम्हाला विहिरीत शोधत होते."

त्यांच्या लेखी ती आत्ता उठून गेली होती. खांद्यावर तिच्या हाताची ऊब अजून होती.

पुढच्या दारातून पुरुषाचा आवाज आला, घाईतला, धंदेवाईक. "मॅडम, आत कुणी आहे का? पाडणारी माणसं खोळंबलीत. खांबावरनं लाइन तोडायचीय."

"कोणी नाही," ती इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाली. त्यांच्याकडे बघतच म्हणाली. पापणी न लववता. डोळ्यांत पाणी भरलं होतं तरी ती ते पुसत नव्हती.

"साहेब," काका म्हणाले, "बाहेर येऊ का मी?"

"या," ती म्हणाली, आणि दांडा सोडून तिनं दोन्ही हात पुढे केले.

काकांनी पाऊल उचललं. तिच्यामागच्या बाजूनं कुणीतरी खांबावर चढत होतं, लोखंडावर बुटांचा आवाज येत होता. तिनं तो ऐकला असावा, कारण तिचं लक्ष किंचित हललं. तिला वळून ओरडायचं होतं, थांबा म्हणून, आणि वळायचंही नव्हतं.

"बघू नकोस तिकडे," काका म्हणाले. "माझ्याकडे बघ."

"बघतेय."

तिनं मान वळवली नाही. पॅसेजमधला दिवा विझला. उंबऱ्यावर पाय टेकवता टेकवता त्यांनी तिच्या बोटांकडे हात नेला, आणि तिच्या पापण्या मिटू लागल्या. इतका वेळ उघडे ठेवलेले डोळे कुणाचेही मिटतात.

त्या उघडलेल्या काकांनी पाहिल्या नाहीत.